चिमणी पाहून झाली, आता पिंपाचं झाकण पाहा

प्रति,
सांगली आणि सातारा जिल्ह्यांत प्रदूषण नियंत्रणाचं काम पाहणारे क्षेत्र अधिकारी, कारखाना निरीक्षक आणि औद्योगिक वसाहतींमधल्या कारखानदार संघटनांचे पदाधिकारी

विषय : सॉल्व्हंटची वाफ कमी करण्याचं प्रशिक्षण सभागृहात नको, शेडमध्ये हवं

सप्रेम नमस्कार.

कुपवाड असो, पलूस असो की तासवडे-शिरवळ, प्रदूषणावरचं प्रशिक्षण म्हटलं की कार्यक्रम आता सगळ्यांना पाठ झालाय. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, सांडपाण्यावर एक तास, चिमणीवर एक तास, मग जेवण. थिनर, टोल्युइन, ॲसिटोन, हेक्झेन, ट्रायक्लोरोइथिलीन या सॉल्व्हंटचा, म्हणजे रंग, ग्रीस किंवा अर्क विरघळवणाऱ्या आणि झटकन उडून जाणाऱ्या द्रवांचा, विषय निघालाच तर शेवटच्या स्लाइडवर ‘इतर’ या शीर्षकाखाली, आणि तोवर निम्म्या खुर्च्या रिकाम्या झालेल्या. पुढच्या वर्षीही हेच होणार असेल तर आम्हाला गप्प बसणं जमणार नाही, म्हणून हे पत्र उघड लिहीत आहोत.

आम्ही या वसाहतींत रंगकाम, छपाई, यंत्रभागांची धुलाई आणि हळदीचा अर्क काढणं या कामांवर देखरेख करणारी माणसं. जी वाफ हवेत जाते ती आधी आमच्या आणि आमच्या हाताखालच्या पोरांच्या नाकातून जाते. नोटीस आली की उत्तर लिहायलाही आम्हालाच बसवतात. आमचा संबंध एवढाच, पण रोजचा.

धूर दिसतो, सांडपाण्याला रंग असतो. सॉल्व्हंट दिसत नाही, आणि वासाचा तर अर्ध्या तासात नाकालाच विसर पडतो. त्यामुळे तपासणीला आलेला माणूस चिमणीची उंची, शिडी आणि नमुना घ्यायचं भोक पाहून परत जातो. ज्या शेडला चिमणीच नाही, तिथे पाहायलाच काही उरत नाही. अशी शेड वर्षाला दहा टन सॉल्व्हंट हवेत सोडू शकते. हे वाढवून सांगितल्यासारखं वाटेल, म्हणून हिशोबच मांडतो.

फॅब्रिकेशनचा एक मध्यम पेंट शॉप घ्या. दिवसाला रंगाचे २० लिटरचे दोन डबे लागतात. लिटरला १.२ किलो धरलं तर वजन ४८ किलो. त्यात वजनाने निम्मं सॉल्व्हंट धरू, म्हणजे २४ किलो. रंग पातळ करायला १० लिटर थिनर, लिटरला ०.८७ किलोप्रमाणे ८.७ किलो. रंग फवारायची गन आणि पाइप धुवायला आणखी ४ लिटर, साधारण साडेतीन किलो. एकूण ३६ किलो. संध्याकाळी खराब थिनरच्या डब्यात जे परत आलं त्यातला गाळ वजा केला, तर सॉल्व्हंट निघेल तीनेक किलो. उरलेले ३३ किलो गेले कुठे? मालावर नाहीत, कारण माल सुकला. ते पंख्यातून आणि दारातून बाहेर गेले. कामाचे ३०० दिवस धरले तर ९,९०० किलो.

आता हाच कारखाना कागदावर काय लिहितो? ‘थिनरचा वापर’. रंगाच्या डब्यात आधीपासून असलेलं सॉल्व्हंट कुणी धरतच नाही. म्हणजे ३६ किलोंपैकी १२ कागदावर आणि २४ बेपत्ता. यात लबाडी असतेच असं नाही. रंगही सॉल्व्हंटच आहे, हे कुणी शिकवलेलंच नसतं.

आमची पहिली तक्रार हीच. सॉल्व्हंटचा ताळेबंद हा या सगळ्या विषयाचा पाया आहे आणि तो ना अधिकाऱ्याला शिकवला जातो, ना सुपरवायझरला. सुरुवातीचा साठा अधिक खरेदी वजा अखेरचा साठा, हा झाला वापर. त्यातून मालासोबत गेलेलं, कचऱ्यातून गेलेलं आणि जाळून नष्ट केलेलं वजा करा. उरलं ते हवेत. किराणा दुकानदाराला जमेल इतकं हे गणित आहे, पण चुकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत आणि त्या माहीत असल्याशिवाय आकडा खरा येत नाही. साठा लिटरमध्ये आणि खरेदी किलोत लिहिली की पहिला घोटाळा. नाक्यावरून रोखीने आणलेले थिनरचे डबे बिलात येत नाहीत, हा दुसरा. खराब थिनर भट्टीवर गाळून, म्हणजे उकळवून आणि वाफ थंड करून, परत वापरलं तर ते नवीन खरेदी म्हणून धरायचं नसतं, ते काही जण दोनदा धरतात. कचऱ्याचं २०० लिटरचं पिंप ‘सॉल्व्हंट’ म्हणून अख्खं वजा करतात, पण त्यात रंगाचा गाळच मोठा असतो. तो आधी वजा करायला हवा. रंगातला घन भाग किती हे कंपनीच्या माहितीपत्रकात असतं. नसेल तर प्रयोगशाळेत ॲल्युमिनियमच्या थाळीत थोडा रंग तोलून ११० अंशांच्या ओव्हनमध्ये तासभर ठेवायचा आणि पुन्हा तोलायचा. उडालं ते सॉल्व्हंट आणि असलंच तर पाणी. एवढं सोपं.

कागद तर आधीच आपल्याकडे आहेत. घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण, नमुना ४, ३० जूनपर्यंत जातं. त्यात वापरलेल्या सॉल्व्हंटला २०.२ हा क्रमांक आहे. पर्यावरण विवरणपत्र, नमुना ५, ३० सप्टेंबरपर्यंत जातं. त्यात कच्च्या मालाचा वापर असतो. दोन्ही विवरणं आणि वर्षभराची जीएसटीची बिलं एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवली, की कारखान्यात पाऊल न टाकता निम्मी तपासणी होते. पण हे तीन कागद शेजारी ठेवायचे असतात, हे सांगणारा तास आजवरच्या कोणत्याही प्रशिक्षणाच्या पत्रिकेत आम्हाला दिसलेला नाही.

युरोपीय संघाने १९९९ साली सॉल्व्हंटसाठी स्वतंत्र निर्देश काढला. २०१० च्या औद्योगिक उत्सर्जन निर्देशात तो पुढे सामावला गेला. त्याचा कणा हा वार्षिक ताळेबंदच आहे. त्यात सोयाबीनमधून तेल काढताना टनामागे ०.८ किलो, एरंडीला ३ किलो अशा एकूण उत्सर्जनाच्या मर्यादा आहेत. आणि एक गोष्ट आपल्या कामाची आहे. वेगवेगळ्या वनस्पतींचे घाणे घेणाऱ्या कारखान्यांसाठी मर्यादा प्रत्येक ठिकाणची परिस्थिती बघून संबंधित अधिकाऱ्याने ठरवायची, असं तिथे म्हटलंय. म्हणजे हळदीसारख्या मालाचा आकडा कुठल्याही पुस्तकात तयार मिळणार नाही. तो इथल्याच माणसाला बसून काढावा लागेल आणि त्यासाठी त्याला ती प्रक्रिया आतून माहीत असावी लागेल.

दुसरी तक्रार दाखवण्यापुरत्या यंत्रणेची. इथे दोष एका बाजूचा नाही. अधिकारी ‘काहीतरी बसवा’ म्हणतो आणि कारखानदार स्वस्तातलं काहीतरी बसवतो.

वर सांगितलेल्या पेंट शॉपने पंख्यापुढे कार्बनची पेटी बसवली. त्यात २०० किलो ॲक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे वाफ शोषून धरणारा कोळसा. कार्बन प्रत्यक्ष कामात आपल्या वजनाच्या १० ते २० टक्के सॉल्व्हंट धरतो. मधला आकडा, १५ टक्के धरला तर २०० किलो कार्बनचं पोट ३० किलोत भरतं. शेडमधून रोज निघतात ३३ किलो. म्हणजे सगळी वाफ खरोखर पेटीतून गेली तर पेटी एका दिवसात संपली. आणि कार्बन बदलतात कधी? वर्षातून एकदा, प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्राच्या नूतनीकरणाच्या सुमारास. उरलेले दिवस ती पेटी म्हणजे पंख्यापुढे ठेवलेलं महागडं झाकण. त्यातून रंगाचे उडालेले कण आधी गाळले नसतील तर कार्बनची छिद्रं बुजून ती एक दिवससुद्धा चालत नाही. हवा ४० अंशांच्या वर गेली किंवा पावसाळ्यात दमट झाली की तिची ताकद आणखी घटते. एमईके (मिथाइल इथाइल कीटोन) किंवा सायक्लोहेक्झानोनसारखं कीटोन गटातलं सॉल्व्हंट भरपूर असेल तर थर आतून तापून पेट घेऊ शकतो. तिथे तापमापक नसलेली पेटी म्हणजे आगीला आमंत्रण. अधिकाऱ्याने पेटी आहे का एवढंच विचारू नये. शेवटचा कार्बन कधी आणि किती किलो घेतला, त्याचं बिल दाखवा, आणि जुना कुठे गेला त्याचा घातक कचऱ्याचा मॅनिफेस्ट, म्हणजे वाहतुकीचा कागद, दाखवा, एवढे दोन कागद मागितले तरी पुरे.

पाण्याचा पडदा असलेला रंगकामाचा बूथ हा असाच गोड गैरसमज. पाणी रंगाचे कण धरतं, वाफ धरत नाही. एक लिटर पाण्यात टोल्युइन जेमतेम अर्धा ग्रॅम विरघळतं. तरी प्रस्तावात ‘वॉटर कर्टनद्वारे व्हीओसी नियंत्रण’ (व्हीओसी म्हणजे हवेत उडणारी सेंद्रिय रसायनं) असं बिनधास्त लिहिलेलं असतं आणि ते मान्यही होतं. बरं, ॲसिटोन किंवा आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पाण्यात छान विरघळतात, मग तिथे स्क्रबर, म्हणजे हवा पाण्याने धुणारं यंत्र, चालेल? चालेल, पण ते पाणी पुढे जातं सांडपाण्याच्या एअरेशन टँकमध्ये, आणि तिथे खालून हवा सोडून आपण त्यातलं काही सॉल्व्हंट पुन्हा वर उडवतो. तेवढी वाफ बाहेर गेलीच, फक्त फेरफटका मारून.

हळदीबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण हा धंदा आपला आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. अर्क आणि कर्क्युमिन काढायला ॲसिटोन, इथाइल ॲसिटेट, हेक्झेन, आयपीए अशी सॉल्व्हंट वापरतात. इथे गळती चार ठिकाणी होते आणि त्यातली मोठी ठिकाणं कागदावर कधीच नसतात.

पहिलं ठिकाण कन्डेन्सर. सॉल्व्हंट उकळवून परत मिळवताना वाफ थंड करून धरायची असते. बहुतेक ठिकाणी थंड करायला कूलिंग टॉवरचं पाणी. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत ते ३० अंशांच्या खाली येणं कठीण, आणि कन्डेन्सरमधून बाहेर पडणारी हवा ३५ अंशांची. या तापमानाला हेक्झेनने भरलेल्या हवेत जवळपास तिसरा हिस्सा हेक्झेन असतं. तीच हवा पुढे व्हेंटवरच्या, म्हणजे हवा बाहेर सोडणाऱ्या नळीवरच्या, थंडगार पाण्याच्या छोट्या कन्डेन्सरमधून ५ अंशांवर आणली, तर हा हिस्सा बारा भागांत एक इतका उतरतो. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक घनमीटर हवेबरोबर जाणारं हेक्झेन पाचपटींनी कमी होतं. इथाइल ॲसिटेटचंही तेच: ३५ अंशांवर पाचवा हिस्सा, ५ अंशांवर पंचविसावा. म्हणून अधिकाऱ्याने कन्डेन्सर आहे का हे विचारण्याआधी व्हेंटवरचा तापमापक वाचावा. तो नसेल किंवा त्याची काच पांढरी पडली असेल, तर उत्तर मिळालंच. पाणी गार करणारा चिलर बसवलाय पण वीजबिल वाचवायला बंद ठेवलाय, हेही कॉम्प्रेसरच्या पाइपला हात लावून कळतं. बर्फ नाही तर निदान घाम तरी हवा.

दुसरं ठिकाण चोथा. अर्क निघाल्यावर उरलेल्या हळदीत सॉल्व्हंट मुरलेलं असतं. वाफ देऊन ते पुरतं हाकललं नाही, घाईत अर्धा तास आधी झडप उघडली, तर तीन टक्के सॉल्व्हंट राहिलेला एक टन चोथा अंगणात वाळत पडतो आणि ३० किलो सॉल्व्हंट उन्हात उडून जातं. वास येतो म्हणून शेजारी तक्रार करतात, आणि अधिकारी येऊन चिमणी तपासतो.

तिसरं, टाक्यांचा श्वास. दिवसा टाकी तापते, आतली हवा बाहेर येते; रात्री निवते, बाहेरची आत जाते. उघड्या नळीच्या जागी दाब-निर्वात झडप लावली आणि टाकी पांढरी रंगवली की हे बरंच आटोक्यात येतं. टँकर भरताना वरून धार सोडली की वाफ जास्त उडते. नळी तळापर्यंत नेली तर जवळपास अडीचपट कमी. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या गणिती सूत्रात हे गुणक १.४५ आणि ०.६ असे आहेत. वरून पडणाऱ्या धारेत स्थिर वीजही साठते, त्यामुळे अर्थिंगचा चिमटा लावून तळातून भरणं हे पैशाच्या आणि जिवाच्या, दोन्ही हिशोबांनी शहाणपणाचं. चौथं ठिकाण पंपांची ग्लँड (दांड्याभोवतीची गळतीरोधक बंदिस्ती), फ्लँज (पाइपांचे जोड) आणि नमुना काढायचे नळ. त्यांना एकेक क्रमांक देऊन महिन्यातून एकदा वाफ मोजणारा मीटर फिरवला की यादी तयार होते.

मीटरवरून तिसरी तक्रार. काही ठिकाणी आता हवेतली वाफ अतिनील दिव्याने मोजणारा, हातात धरायचा पीआयडी मीटर आला आहे, ही चांगली गोष्ट. पण तो कसा वाचायचा हे न शिकवता दिला तर त्याच्यासारखा फसवा साक्षीदार नाही. हा मीटर आयसोब्युटिलीन या वायूवर जुळवलेला असतो. पडद्यावर १०० दिसलं तर टोल्युइन असेल तेव्हा प्रत्यक्षात ५० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग), ॲसिटोन असेल तर साधारण ११०, आणि इथाइल ॲसिटेट असेल तर ४६०. म्हणजे टोल्युइनवाल्याला विनाकारण नोटीस आणि इथाइल ॲसिटेटवाला निर्धास्त. मेथॅनॉल तर १०.६ ईव्हीच्या नेहमीच्या दिव्याला दिसतच नाही. पडदा शून्यच राहतो. पावसाळ्यात दिवा दमटपणाने भुरकट होतो, तो पुसला नाही तरी आकडा खोटा. दुसरीकडे सुरक्षेसाठी लावलेले स्फोटमापक मीटर. ते स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या, म्हणजे वाफ पेटू शकेल अशा हवेतल्या किमान प्रमाणाच्या, टक्क्यात बोलतात. त्यावर एक टक्का म्हणजेसुद्धा टोल्युइनचे शंभराहून अधिक पीपीएम. ‘आमच्याकडे शून्य दाखवतो’ हे उत्तर म्हणून स्वीकारणारा अधिकारी आणि देणारा सुपरवायझर, दोघंही एकाच वर्गात बसायला हवेत.

चौथी तक्रार अशी, की ज्याच्या हातात गन आहे त्याला कधीच बोलावत नाहीत. प्रशिक्षणाला जातो मॅनेजर किंवा सल्लागार. सॉल्व्हंट वाचतं ते रंगाऱ्याच्या मनगटात.

साध्या हवेच्या गनमधून निघालेल्या रंगापैकी बऱ्याचदा तिसरा हिस्सासुद्धा मालावर बसत नाही. कमी दाबाच्या एचव्हीएलपी गनने, म्हणजे गनच्या तोंडावरच्या टोपीपाशी १० पीएसआयपर्यंत दाब ठेवून, तो साठ टक्क्यांपर्यंत जातो. हिशोब करा: ३० टक्के बसत होतं ते ६० टक्के बसलं, तर तितकाच थर द्यायला निम्मा रंग लागतो, निम्मं सॉल्व्हंट उडतं आणि बूथमधला गाळही घटतो. पण गन नुसती विकत घेऊन हे होत नाही. रंगारी जुन्या सवयीने रेग्युलेटर पिळून दाब चढवतो, फवारा भुरभुरीत होतो, आणि नवी गन जुन्यासारखीच वागते. गन मालापासून वीतभर अंतरावर, मालाला काटकोनात, मनगट न फिरवता सरळ रेषेत चालली पाहिजे, आणि कडेपाशी घोडा सोडला पाहिजे. हे स्लाइडवर शिकवता येत नाही. गनला कोरं पाणी भरून पुठ्ठ्यावर शिकवावं लागतं.

थिनर किती घालायचं, हाही डोळ्यांचा खेळ झालाय. कांडी बुडवायची, धार बघायची, ‘अजून थोडं घाल’. बी-४ फोर्ड कप, म्हणजे तळाला ठरावीक मापाचं भोक असलेला कप, आणि मोबाइलमधलं घड्याळ, इतकं साहित्य पुरतं. कपातून रंग ओघळायला किती सेकंद लागायला हवेत ते रंगाच्या माहितीपत्रकात असतं. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी रंग घट्ट होतो आणि त्या दिवसांत थिनर बेसुमार लागतं. डबा कोमट पाण्याच्या टबात अर्धा तास ठेवला तर तोच रंग तेवढ्याच थिनरमध्ये फवारता येतो. शेगडी किंवा हीटर मात्र जवळ नको. टोल्युइनचा ज्वलनबिंदू ४ अंश आहे, म्हणजे आपल्याकडे वर्षभर त्याची वाफ पेटायला तयारच असते.

गन धुणं हे तर उघड्या डब्यात. आधी कालचं मळकं थिनर, मग शेवटचा हात तेवढा नव्याचा, असं दोन टप्प्यांत धुतलं तर नवं थिनर निम्म्याहून कमी लागतं. मळकं थिनर गाळायची छोटी भट्टी अनेकांनी घेतली आहे. त्यात एक धोका सांगून ठेवतो: एनसी रंगाचं धुवण कोरडं होईपर्यंत तापवायचं नाही, त्यातलं नायट्रोसेल्युलोज सुकलं की आपोआप पेटू शकतं. भट्टी विकणाऱ्यानेही हे सांगितलेलं नसतं.

छापखाने आणि पार्ट धुण्याच्या टाक्या यांच्याबद्दल थोडक्यात. ऑफसेट छपाईत प्लेट ओली ठेवणाऱ्या फाउंटन पाण्यात आयपीए दहा-बारा टक्के घालायची सवय आहे. पाणी १०-१२ अंशांवर ठेवलं आणि रोलर नीट बसवले तर ते निम्म्याहून खाली आणता येतं. मशिन पुसलेल्या चिंध्या दोरीवर वाळत घालण्याऐवजी झाकणाच्या डब्यात टाकायच्या. ट्रायक्लोरोइथिलीनच्या टाकीत वाफ हवेहून साडेचारपट जड असते, ती टाकीतच बसून राहते. पण शेजारी पंखा लावला की ती उचलली जाते. भागांची टोपली मिनिटाला सव्वातीन मीटरहून वेगाने वर ओढली, तर टोपलीबरोबर वाफही वर येते. खोलगट भाग उलटे ठेवले नाहीत तर प्रत्येक भाग एकेक वाटी सॉल्व्हंट घेऊन बाहेर पडतो. टाकीवर झाकण असतंच, ते भिंतीला टेकवून ठेवलेलं असतं.

पाचवी तक्रार सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणी नाही. खरा आकडा सांगितला की शिक्षा आणि खोटा सांगितला की नूतनीकरण. अशा ठिकाणी ताळेबंद शिकवला तरी लिहिणार कोण?

आणि हे सगळं ‘धुळीपुढे किरकोळ’ म्हणून बाजूला सारू नका. २०१९ पासून चाललेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांत सांगली आहे, पण तिथलं सगळं लक्ष धुळीकडे. सॉल्व्हंटची वाफ आणि वाहनांचे नायट्रोजन ऑक्साइड उन्हात एकत्र आले की जमिनीलगत ओझोन तयार होतो. २००९ च्या राष्ट्रीय मानकांत त्याला आठ तासांच्या सरासरीसाठी घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. द्राक्षाच्या पानांवर ओझोनने तपकिरी ठिपके पडतात, हे कॅलिफोर्नियात १९५० च्या दशकातच लक्षात आलं होतं. कुपवाडपासून तासगावच्या बागा किती लांब आहेत ते आपल्याला माहीत आहे.

म्हणून आमच्या मागण्या:

१. येत्या वर्षाचं प्रशिक्षण तीन दिवसांचं करा. त्यातला पहिला अर्धा दिवस वर्गात, ताळेबंदासाठी. उरलेला सगळा वेळ चालू शेडमध्ये: एक पेंट शॉप, एक अर्काचा कारखाना, एक छापखाना. एका तुकडीत वीसपेक्षा जास्त माणसं नकोत, आणि त्यांत क्षेत्र अधिकारी, सुपरवायझर आणि रंगारी-ऑपरेटर एकत्र हवेत. भाषा मराठी.

२. सांगलीचा कारभार कोल्हापूरच्या प्रादेशिक कार्यालयाकडे आणि साताऱ्याचा पुण्याच्या. दोन्हीकडे अभ्यासक्रम आणि तपासणीचं पत्रक एकच ठेवा. तासवड्याला चाललेलं उत्तर कुपवाडला चालत नाही, असं होऊ नये.

३. सॉल्व्हंटचा एक पानी ताळेबंद नमुना ५ सोबत जोडून घ्या. किलोत, रंग-शाईतलं सॉल्व्हंट धरून. सुरुवात वर्षाला एक टनाहून जास्त वापरणाऱ्यांपासून करा.

४. पहिलं वर्ष माफीचं असू द्या. स्वतःहून दिलेल्या आकड्यावर त्या वर्षी नोटीस निघणार नाही, हे लेखी जाहीर करा. दुसऱ्या वर्षापासून आकडा किती घटला ते विचारा.

५. कारखानदार संघटनांनी प्रत्येक वसाहतीत एक सामाईक पेटी ठेवावी: सुधारणा-गुणकांच्या (कुठल्या सॉल्व्हंटसाठी पडद्यावरचा आकडा कितीने गुणायचा याच्या) तक्त्यासह स्फोटरोधक पीआयडी मीटर, वारामापक, हवेच्या ओढीचा दाब मोजणारं ड्राफ्ट गेज, चार फोर्ड कप, वजनकाटा. एका शेडला हे परवडत नाही, चाळीस शेडना सहज परवडतं. ही मागणी अधिकाऱ्यांकडे नाही, आपल्याच लोकांकडे आहे.

६. ‘कार्बन’, ‘स्क्रबर’, ‘कन्डेन्सर’ असे नुसते शब्द लिहून दिलेला प्रस्ताव मंजूर करू नका. कार्बन किती किलो आणि किती दिवसांनी बदलणार, स्क्रबरचं पाणी कुठे जाणार, व्हेंटचं तापमान किती अंश, हे तीन आकडे संमतीपत्राच्या अटींतच यायला हवेत.

७. आयटीआयच्या पेंटर अभ्यासक्रमात गनचा दाब, फोर्ड कप आणि धुण्याचे दोन टप्पे यांचे प्रात्यक्षिकाचे तास धरा. सांगली-कराडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून एकेका शेडचा ताळेबंद द्या. चार महिन्यांत दोन्ही जिल्ह्यांचं चित्र समोर येईल.

पहिल्या तुकडीसाठी पेंट शॉप, फोर्ड कप आणि पुठ्ठे आम्ही देऊ. तारीख आपण कळवावी. सोमवार नको, सोमवारी वसाहतीला सुट्टी असते.

कळावे,

सांगली-सातारा जिल्ह्यांतील औद्योगिक वसाहतींमधले काही सुपरवायझर, केमिस्ट आणि रंगारी